भिंतीवरील चौक

नवें घर झालें कीं दिवाणखान्याच्या भिंतीवर कोणतें चित्र असावें, हा प्रश्न आपल्या कुटुंबांत निघतोच. अलीकडे पुष्कळ जण वारली चित्रांची नक्षी पसंत करितात. ती कोणत्या भिंतीस शोभेल याची चर्चा होते. परंतु मुळांत ती कोणत्या भिंतीसाठीं होती, हें क्वचितच विचारलें जातें. या दुसऱ्या प्रश्नांतच पहिल्याचें उत्तर सांपडेल, असें आम्हांस वाटतें.

डहाणू, तलासरी, जव्हार या टापूंत वारल्यांच्या कुडाच्या घराची भिंत रंगवावयाची ती मुख्यतः लग्नासाठीं. शेणानें सारविलेल्या, गेरूनें तांबूस केलेल्या भिंतीवर तांदुळाच्या पिठाच्या पाण्यानें, टोंक ठेंचलेल्या बांबूच्या काडीनें सुवासिनी 'चौक' काढितात. चौकोनाच्या चारी कडांस नक्षीचे पट्टे आणि मधोमध पालघट, म्हणजे सृजनाची देवी. धवलेरी विधीचीं गीतें गाते. चौकावांचून विवाह पुरा होत नाहीं. तेव्हां येथें निवड घरधन्याच्या लहरीवर अवलंबून नसते; प्रसंग ठरला कीं चित्र ठरलें. आपलें चैत्रांगण नाहीं का चैत्रांतच अंगणीं उमटत? तें बारा महिने कोणी राखून ठेवीत नाहीं.

या रीतीस वळण लागलें तें 1970 नंतरच्या दशकांत. चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागांत आले. चित्रें भिंतीवरून कागदावर व कापडावर उतरलीं. गंजाडजवळचे जिव्या सोमा मशे यांनीं, पुरुष असूनही, स्त्रियांची ही कला हातीं घेतली आणि विधीच्या बाहेरहि ती नित्य चालविली. मासेमारी, शेती, तारप्याभोवतीं वळसे घेणारा नाच हे विषय त्यांनीं जगापुढें मांडले. 2011 सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. 2018 सालीं ते वारले. या स्थित्यंतरानें अनेक घरांस उपजीविका मिळाली, हा लाभ लहान नव्हे. परंतु ज्या सुवासिनींनीं पिढ्यान्‌पिढ्या चौक काढिले, त्यांचीं नांवें मात्र अज्ञातच राहिलीं. छापील कागदावर तीच नक्षी उतरली म्हणजे तर काढणारा हातच नाहींसा होतो.

मग आपण काय करावें? आमचें मत असें कीं, पालघटाचा चौक शोभेसाठीं लावूं नये. ज्यांचें तें दैवत आहे, त्यांच्या घरींच त्यास अर्थ आहे. नाचाचें किंवा शेतीचें चित्र खुशाल घ्यावें, आणि शक्यतो वारली चित्रकाराकडूनच काढून घ्यावें. त्यास मोकळी, मातकट रंगाची भिंत द्यावी. कपाटाआड तारप्याचें वर्तुळ तुटलें तर नाचणारांची सांखळीच तुटते. आणि मुलांनीं विचारल्यास तें चित्र कोठून आलें हें सांगतां यावें. ज्याची कथा घरांत कोणासच ठाऊक नाहीं, तें चित्र भिंतीवर असूनही घराचें होत नाहीं.