तेल व वायू निर्यातीचे परवाने : अमेरिकेतील कायद्यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तुत लेखात अमेरिकेने स्वतःच्या भूमीतील खनिज तेल व नैसर्गिक वायू परदेशी पाठविण्यावर जी कायदेशीर बंधने घातली, त्यांच्या इतिहासाचा विचार करावयाचा आहे. मुक्त व्यापाराचा पुरस्कार जगभर करणाऱ्या या देशातून कच्चे तेल परवान्यावाचून बाहेर नेता येत नसे आणि ही स्थिती चाळीस वर्षे टिकली. १९७३ च्या अरब राष्ट्रांच्या तेलबहिष्कारामुळे ही बंदी आली, असे सर्वसाधारणपणे लिहिले जाते. ते चूक नाही. परंतु अपुरे आहे.

बंदीचे खरे मूळ किंमत नियंत्रणात सापडते. ऑगस्ट १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी किमती व वेतन गोठविण्याचा आदेश काढला. इतर वस्तूंवरील नियंत्रण पुढे उठले, तेलावरील मात्र राहिले. २२ डिसेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ऊर्जा धोरण व संधारण कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याने देशी तेलाची सरासरी किंमत पिंपामागे ७.६६ डॉलर ठरविली. त्या वेळी जागतिक बाजारात तोच भाव ११ डॉलरच्या वर होता. घरात स्वस्त आणि दारात महाग अशी स्थिती असता उत्पादक आपला माल दाराबाहेरच विकणार, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. म्हणून त्याच कायद्याच्या कलम १०३ ने राष्ट्राध्यक्षांना कच्च्या तेलाची निर्यात रोखण्याचे नियम करण्यास फर्माविले. राष्ट्रहिताशी सुसंगत असतील असे अपवाद करण्याची मुभा त्यात होती. परवाने देण्याचे काम वाणिज्य खात्याकडे होते.

जानेवारी १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी किंमत नियंत्रण पूर्णतः रद्द केले. त्याच वर्षी पेट्रोल, डिझेल इत्यादी शुद्ध केलेल्या पदार्थांची निर्यातही खुली झाली. म्हणजे बंदीचे कारण संपले. बंदी आणखी चौतीस वर्षे राहिली. कारण नाहीसे झाल्यावरही कायदा का टिकतो, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला महत्त्वाचा वाटला पाहिजे. त्याचे उत्तर अलास्कात मिळते.

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरील तेल सुमारे ८०० मैलांच्या नळाने दक्षिणेकडील वाल्डीझ बंदरात आणण्यास १९७३ च्या कायद्याने अनुमती दिली. त्यातील अट अशी की, हे तेल परदेशी पाठविण्यापूर्वी देशातील पुरवठा घटणार नाही, असा निष्कर्ष स्वतः राष्ट्राध्यक्षांनी काढावा. १९७७ मध्ये तेल वाहू लागले. वाल्डीझहून जपान नैसर्गिक गिऱ्हाईक. परंतु पश्चिम किनाऱ्यावर न खपलेले तेल पनामामार्गे मेक्सिकोच्या आखातापर्यंत न्यावे लागे. देशांतर्गत जलवाहतूक अमेरिकेत बांधलेल्या व अमेरिकी खलाशांच्या जहाजांतूनच व्हावी, असा १९२० चा कायदा होता. त्यामुळे या लांबच्या फेऱ्यांवर जहाजमालक व खलाशांच्या संघटना यांची उपजीविका अवलंबून राहिली आणि बंदी उठविण्यास त्यांनी दीर्घकाळ विरोध केला. अखेर नोव्हेंबर १९९५ मध्ये ही निर्यात खुली झाली, तीही अमेरिकी ध्वजाच्या जहाजांतूनच तेल जावे या अटीवर! राष्ट्रीय सुरक्षेच्या भाषेआड बऱ्याचदा भाड्याचा हिशेब असतो.

परवान्याच्या नियमांतील सर्वांत रंजक भाग म्हणजे ‘कच्चे तेल’ या शब्दाची व्याख्या. भूगर्भात द्रवरूपात असलेले, पृष्ठभागावरील विलगकातून गेल्यावरही द्रवच राहणारे आणि ऊर्ध्वपातन मनोऱ्यातून न गेलेले हायड्रोकार्बनांचे मिश्रण ते कच्चे तेल. वायुविहिरींतून येणारे हलके कंडेन्सेटही त्यात धरले जाई. एका मनोऱ्यातून गेले की तोच द्रव ‘पदार्थ’ ठरे आणि परवान्याची गरज उरत नसे. खडकफोडीच्या तंत्रामुळे टेक्सास व नॉर्थ डाकोटा येथे हलक्या तेलाचा पूर आला. देशाचे उत्पादन २००८ मधील दररोज सुमारे ५० लक्ष पिंपांवरून २०१५ मध्ये ९० लक्षांच्या पुढे गेले. जड तेलासाठी उभारलेल्या आखाती शुद्धीकरण कारखान्यांना मात्र हे तेल सोयीचे नव्हते. तेव्हा २०१४ मध्ये वाणिज्य खात्याने टेक्सासमधील दोन कंपन्यांना, साध्या ऊर्ध्वपातनातून गेलेले कंडेन्सेट निर्यातीस पात्र आहे, असे कळविले. बंदी कायद्याने उठण्यापूर्वीच व्याख्येने सैल झाली, असे म्हणावयास हरकत नाही. १८ डिसेंबर २०१५ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी सही केलेल्या अर्थविधेयकात कलम १०३ रद्द झाले. त्या तडजोडीत दुसऱ्या पक्षाला पवन व सौर ऊर्जेच्या करसवलतींची मुदतवाढ मिळाली. आणीबाणीत एक वर्षापर्यंत निर्बंध घालण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांकडे ठेवण्यात आला.

वायूची कथा वेगळी आहे. १९३८ च्या नैसर्गिक वायू कायद्याच्या कलम ३ नुसार निर्यातीस पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. परंतु निर्यात सार्वजनिक हिताशी विसंगत आहे असे आढळले नाही, तर परवानगी द्यावी, अशी त्याची रचना होती. तेलाबाबत नकार हा नियम व परवाना हा अपवाद. वायूबाबत नेमके उलट. म्हणूनच १९६९ पासून अलास्काच्या केनाईहून द्रवरूप वायू जपानला जाऊ शकला. १९९२ च्या दुरुस्तीने मुक्त व्यापार करार असलेल्या देशांसाठीचे अर्ज विनाविलंब मंजूर करण्याचे बंधन घातले. इतरांसाठी ऊर्जा खात्याची सार्वजनिक हिताची कसोटी राहिली, आणि किनाऱ्यावरील केंद्र उभारण्यासाठी संघीय ऊर्जा नियामक आयोगाची अनुमती वेगळी.

भारताचा अमेरिकेशी असा करार नव्हता. त्यामुळे गेल कंपनीने डिसेंबर २०११ मध्ये लुइझियानातील साबीन पास केंद्राशी वर्षाला ३५ लक्ष टनांचा वीस वर्षांचा करार केला, तेव्हा त्या केंद्राला मे २०११ मध्ये करारबाह्य देशांसाठी मिळालेला परवाना निर्णायक ठरला. या दीर्घ मुदतीच्या कराराखालील पहिले जहाज मार्च २०१८ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळला लागले. एन्रॉनच्या वादाने महाराष्ट्राच्या परिचयाचे झालेले हेच ते दाभोळ. जानेवारी २०२४ मध्ये बायडेन प्रशासनाने करारबाह्य देशांसाठीच्या नव्या परवान्यांचा निर्णय स्थगित केला व जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने ती स्थगिती उठविली. साबीन पासचा परवाना जुना असल्याने दाभोळच्या करारावर त्या स्थगितीची बाधा आली नाही.