भाऊबीज आणि छोट्या करंज्या

दरवर्षी भाऊबीजेला आम्ही सगळे परळला आत्याकडे जमतो. चाळीतली एकच खोली आणि माणसं पंचवीस, त्यामुळे अर्धी मंडळी बाहेर गॅलरीत. नियम एकच, प्रत्येक घराने फराळाचा एकेक जिन्नस करून आणायचा. चकल्या काकूच्या, लाडू धाकट्या आत्याचे, करंज्या आमच्या. ही वाटणी कधी बदलत नाही. (काकूच्या चकल्या दरवर्षी मऊ पडतात, तरीही!)

यंदा भाचा म्हणाला, "म्हणजे पॉटलकच की!" आम्ही हसलो. आत्या नाही हसली.

मग तिने सांगितलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात आजोबा आणि काकाही. गिरणगावातली दिवाळी बोनसवर व्हायची आणि संपाची ठिणगीही बोनसच्याच वादातून पडलेली. दिवाळी आली तेव्हा संपाला दहा महिने होत आले होते. शेजारची बरीच बिऱ्हाडं कोकणात गावी गेलेली. एका घराला सगळा फराळ झेपणं शक्यच नव्हतं. म्हणून आजीने जिन्नस वाटून दिले.

संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आजोबाही पुन्हा गिरणीत गेले नाहीत.

आमच्या वाट्याला करंज्या आल्या होत्या. सारण पुरेना, म्हणून आईने त्या बोटभर केल्या. आजही तेवढ्याच करते... आणि मी इतकी वर्षं त्यावरून तिला कंजूष म्हणून चिडवत आलोय.