औषध एक, रक्त निराळे

माणसाचे जनुक तपासून त्याला सोसेल तेच औषध आणि सोसेल तेवढीच मात्रा द्यावयाची, ही कल्पना अलीकडे नव्या युगाची देणगी म्हणून सांगितली जाते. तिची पाळेमुळे शोधू गेल्यास ती केळीच्या मळ्यात आणि तुरुंगाच्या कोठडीत सापडतात. आम्ही डॉक्टर नव्हेत. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांतले वैद्यकीय दाखले वाचता वाचता या विषयाकडे ओढले गेलो, आणि आजचे व्याख्यान त्याच वाचनातून आलेले आहे.

१९०२ साली लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरॉड या वैद्याने एका चमत्कारिक विकारावर लिहिले. या विकारात लघवी हवेत ठेवली की काळी पडते. गॅरॉडचे म्हणणे असे की, हा जंतूंचा प्रताप नसून आईबापांकडून आलेला शरीराच्या रसायनातला वेगळेपणा आहे. आणि असे लहानमोठे वेगळेपण प्रत्येक माणसात असते. त्या काळी या म्हणण्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

पुढे हिवतापाने ते लक्ष वेधले. व्हायवॅक्स जातीचा हिवताप रक्तातून गेला तरी त्याचे जंतू यकृतात दडून राहतात आणि काही महिन्यांनी ताप पुन्हा उलटतो. त्यावर १९२० नंतरच्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्लाझ्मोकिन नावाचे औषध काढले. ते केळीच्या मळ्यांतील मजुरांना देण्यात आले, तेव्हा काहींच्या तांबड्या पेशी भराभर फुटू लागल्या. लघवी काळी झाली. शेजारच्या खाटेवरचा मजूर तेच औषध घेऊन ठणठणीत राहिला! असे का, हे तेव्हा उमगले नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्य हिवतापाने बेजार झाले आणि या औषधाच्या जातीतल्या नव्या औषधांचा शोध जारीने सुरू झाला. इलिनॉय राज्यातील स्टेटव्हिल तुरुंगात शिकागो विद्यापीठाचे डॉ. आल्फ आल्विंग यांनी प्रयोगशाळाच थाटली. कैद्यांना डास चाववून हिवताप द्यावयाचा आणि मग औषधे करून पाहावयाची. कैदी स्वखुशीने सही करीत असे म्हणतात. पण भिंतीआड डांबलेल्या, शिक्षा कमी होण्याच्या आशेवर जगणाऱ्या माणसाच्या स्वखुशीला किती वजन द्यावे, हे श्रोत्यांनीच ठरवावे. न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी डॉक्टरांच्या वकिलांनी या तुरुंगाकडे बोट दाखविले होते. तरीही तेथील प्रयोग १९७४ पर्यंत चालले.

या तुरुंगात प्रायमाक्विन हे औषध पारखले गेले. रोज ३० मिलिग्रॅम दिल्यावर सुमारे दहा टक्के काळ्या कैद्यांच्या तांबड्या पेशी फुटत. तेव्हा १९५४ च्या सुमारास आल्विंग यांच्या सहकाऱ्यांनी एक नामी युक्ती योजली. ज्याला औषध बाधते त्याच्या पेशींवर किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या निरोगी माणसाच्या अंगात घातल्या आणि त्याला औषध दिले. खुणेच्या पेशी तेथेही फुटल्या. निरोगी माणसाच्या पेशी मात्र बाधणाऱ्याच्या अंगात सुरक्षित राहिल्या. म्हणजे उणीव त्या तांबड्या पेशीतच होती. १९५६ साली तिचे नाव कळले. पेशीला औषधाच्या माऱ्यातून सावरणारे 'जी-सिक्स-पी-डी' नावाचे विकर या लोकांत कमी असते. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत ही उणीव अधिक दिसते. मुंबईत १९६० नंतर तपासण्या झाल्या, तेव्हा पारशी समाजातही ती बऱ्याच जणांत आढळली.

यातून निघालेला उपाय साधा आहे, आणि आम्हाला तो फार मोलाचा वाटतो. रोज १५ मिलिग्रॅमप्रमाणे चौदा दिवस देण्याऐवजी आठवड्यातून एकदा ४५ मिलिग्रॅम, असे आठ आठवडे द्यावयाचे. सौम्य उणीव असलेल्या माणसाला एवढे सोसते, कारण मधल्या सहा दिवसांत रक्त सावरते. रक्त पाहून औषधाचे वेळापत्रक बदलले! १९५७ साली आर्नो मोटुल्स्की यांनी अशा उदाहरणांची संगती लावली. १९५९ साली फ्रीडरिश फोगेल यांनी या शास्त्राला नाव दिले. कर्करोगाची आजची नेमकी औषधे याच विचाराच्या वाटेवरची आहेत.

परंतु माणूस पाहून औषध बदलता येते, तसे काम पाहून माणूसही बदलता येतो. जे. बी. एस. हाल्डेन हा शास्त्रज्ञ डाव्या विचारांचा, १९५७ मध्ये भारतात येऊन राहिलेला, १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तलेला. त्याने १९३८ सालीच लिहून ठेवले होते की, चिनी मातीच्या कामात श्वासनलिकेचा विकार सर्वांनाच होत नाही. ज्यांची प्रकृती जन्मतः तशी असेल त्यांना कामावर न घेतल्यास तो विकार नाहीसा करता येईल. हेतू चांगलाच असणार. पण आम्ही ते वाचले आणि थबकलो. धूळ तशीच राहणार, जाणार तो कामगार! १९६३ साली अमेरिकेत रसायनांच्या कारखान्यांसाठी याच जी-सिक्स-पी-डीची चाचणी सुचविली गेली.

२००० सालच्या सुमारास अमेरिकेतील बर्लिंग्टन नॉर्दर्न सांता फे रेल्वेत रूळदुरुस्तीच्या कामगारांनी मनगटाच्या दुखण्याची भरपाई मागितली. कंपनीने तपासणीसाठी रक्त घेतले आणि त्यांना न सांगता त्यातून जनुके पाहिली. दुखणे कामाचे नसून जन्माचेच, असे ठरविता येते काय, हा शोध होता. एका कामगाराची पत्नी परिचारिका होती. मनगटासाठी एवढे रक्त कशाला, असे तिने विचारले आणि बिंग फुटले. कामगार संघटना व सरकारी आयोग २००१ मध्ये न्यायालयात गेले. २००२ मध्ये ३६ कामगारांसाठी २२ लाख डॉलरची तडजोड झाली. पुढे २००८ साली जनुकांवरून नोकरीत व आरोग्यविम्यात भेद करण्यास तेथे कायद्याने बंदी आली.

अमेरिकेतल्यासारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे झालेला नाही. २०२३ पासून सिकलसेलसाठी देशभर तपासणी चालू आहे, आणि विदर्भात व नंदुरबारकडे तिची गरज मोठी आहे. आदिवासी तरुणाला आपले रक्त कळले तर उपचार वेळेवर मिळतील, यात शंका नाही. तेच कार्ड भरतीच्या टेबलावर कोणी मागू नये, एवढीच आमची धास्ती.

आमच्या संघटनेने गेल्या मागणीपत्रात एक कलम घातले आहे: तपासणीत रक्त कशासाठी घेतले हे कामगाराला मराठीत लेखी सांगावे, आणि अहवाल प्रथम त्याच्या हाती द्यावा. वेतनवाढीची कलमे मंजूर झाली. या कलमापुढे व्यवस्थापनाने 'विचाराधीन' असा शेरा मारला आहे.