पेटीतला बग

गेल्या महिन्यात बाबांसाठी नवी पेटी घेतली. नांदेडहून लातूरला एस.टी.त मांडीवर घेऊन आलो. गुरुवारच्या भजनाला बाबांनी भाता ओढला आणि एकही पट्टी न दाबता पेटी आपली आपणच कण्हायला लागली! वर गंधारही कानाला टोचत होता. मी तिथंच जाहीर केलं, "पेटी परत!"

"परत कशाला करायलास? आधी दोष कुणाचा ते तर बघ," बाबा म्हणाले. त्यांची जुनी पेटी माझ्या इंजिनिअरिंगच्या फीच्या वर्षी विकली गेली होती. हातची पुन्हा जाईल याचीच त्यांना धास्ती.

असो. बग म्हटला की आधी नीट तपासायचा, ही आमची सवय. मोबाईलवर ट्यूनर लावला, तर गंधार अचूक! म्हणजे पेटीच्या हिशोबानं अचूक. कारण हे वाद्य मुळात युरोपातलं. १८४० च्या दशकात पॅरिसच्या अलेक्झांडर देबेंनं त्याचं पेटंट घेतलं. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ते मांडी घालून, एका हातानं भाता ओढत वाजवण्याजोगं केलं. पण सूर राहिले पाश्चात्त्य: सप्तकाचे बारा सारखे तुकडे. १२०० सेंटच्या सप्तकात पेटीचा गंधार ४०० वर, तर तंबोऱ्यातून ऐकू येणारा सुमारे ३८६ वर. टोचतात ते हे १४ सेंट.

याच कारणानं, शिवाय मींड निघत नाही म्हणून, ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये सैल झाली, तीही पूर्ण नाही. १९४० साली आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आणि भजनी मंडळांना दिल्लीची परवानगी तशीही नको होती. तिकडे गोविंदराव टेंब्यांनी याच 'सदोष' वाद्याला मैफलीत मान मिळवून दिला. नांदेडच्या हुजूर साहिबमध्ये आजही कीर्तनाला पेटी असतेच.

तर मंडळी, दोष दोन, आणि दोन्ही वेगळे. गंधार हा त्या वाद्याचा स्वभाव, त्यासाठी दुकानदाराला धरणं अन्याय. कण्हणं मात्र खरा दोष: पट्टीखालची झडप नीट बसत नाही आणि हवा सुरापर्यंत पोचते. सूर उतरला असता तर पत्तीचं टोक किंचित खरवडून चढवता येतो, पण नव्या वस्तूची झडप आपण का उघडायची?

म्हणून ठरलं ते असं. पेटी नांदेडला न्यायची, झडप गॅरंटीत फुकट दुरुस्त करून घ्यायची आणि तारखेसह लेखी घ्यायचं. पुन्हा कण्हली तर बदलून मागायची. नाहीच ऐकलं तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, जिल्हा आयोग आहे.

"आन् गंधार?" मी विचारलं.

"त्यो मी गळ्यानं सांभाळतो. पेटी तेवढी रिकाम्या हातानं परत आणू नको."

शनिवारी निघतोय.