सार्वजनिक म्हणजे कोण?

दोस्तहो, सरकारी कागदावर ‘सार्वजनिक हित’ हे शब्द दिसले की आपण पहिला सवाल हा करायचा : सार्वजनिक म्हणजे कोण?

हा सवाल आपला जुना आहे. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव बुकात बसला, तळ्यातलं पाणी तळ्यात राहिलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या ‘सार्वजनिक’ शब्दात आपण पहिल्यांदा शिरलो. मग तळं खाजगी असल्याचा दावा कोर्टात गेला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं. पहिल्या ठरावापासून चौदा वर्षं.

मी सूतगिरणीत साच्यावर उभा राहणारा माणूस. शाळा अर्धवट सुटली. पाळी सुटल्यावर मिळेल ते वाचतो. शहरातल्या जमिनीचे नियम वाचायला लागलो आणि कळलं की तोच खेळ चालू आहे. फक्त तळ्याच्या जागी बाग आहे, मैदान आहे, गरिबाचं घर आहे.

खेळ असा. बिल्डरकडे जमीन असते, पण नुसत्या जमिनीला काय भाव? त्याला सरकारची सही पाहिजे. शेतीची बिगरशेती करायची सही, चार मजल्यांच्या जागी वीस चढवायची सही. त्या सहीने जमिनीचा भाव कितीतरी पट चढतो. ही वाढ बिल्डरच्या घामाची नव्हे. रस्ता, पाणी, वीज, कारखाने आणि त्यात राबणारी माणसं यांनी ती आणलेली असते. म्हणून सरकार म्हणतं : सही घे, बदल्यात लोकांना काहीतरी दे. बाग दे, शाळेला जागा दे, गरिबांना घरं दे. तत्त्व खोटं नाही. आपण त्याला विरोध करायचं कारण नाही. सवाल एवढाच की सौद्याच्या बैठकीला कोण बसलं होतं, आणि कबूल केलेलं माप घ्यायला कोण गेलं?

गिरणगाव बघा. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. संप मोडला, गिरण्या एकेक करून मेल्या. मागे राहिली मुंबईच्या पोटातली सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ नंबरचा नियम आला. मालकाला जमीन काढायची असेल तर ढोबळमानाने तीन वाटे : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. म्हणजे तोंडी हिशेबानेसुद्धा चारशे एकरांच्या घरात जमीन लोकांची. मालक काय करणार? बहुतेक जण थांबून राहिले. त्यांना थांबणं परवडतं. उपाशी माणसाला परवडत नाही.

मग २००१ साली नियम बदलला. तारीख बघा, २० मार्च. महाडचीच तारीख. आता वाटे फक्त ‘मोकळ्या’ जमिनीचे होणार. जिथे शेड उभी आहे, खातं आहे, गोदाम आहे, ती जमीन वाटणीच्या बाहेर. ज्याने गिरणी आतून पाहिली आहे त्याला विचारा, गिरणीत मोकळी जागा असते कुठे? खात्याला खातं चिकटलेलं असतं. एक शब्द घुसला आणि लोकांचे दोन्ही वाटे मिळून साठ एकरांच्या आतबाहेर आले, असा हिशेब त्या वेळी मांडला गेला. बाँबे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप कोर्टात गेला. ऑक्टोबर २००५ मध्ये हायकोर्टाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. ७ मार्च २००६ ला सुप्रीम कोर्टाने तो फिरवला आणि २००१ चा बदल कायम झाला. त्याच २००५ साली सरकारी महामंडळाची मुंबई टेक्स्टाइल मिल, सुमारे १७ एकर, ७०२ कोटींना विकली गेली होती.

कामगार गप्प बसले नाहीत म्हणून म्हाडाच्या वाट्यातून काही घरं तरी निघाली. २०१२ ते २०२० च्या सोडतींत पंधरा हजारांवर घरं. अर्ज दीड लाखाहून जास्त. म्हणजे दहा जणांत एकाला कसंबसं. बाकीच्यांना मुंबईबाहेर शेलू-वांगणीला जा म्हणाले, तेव्हा ९ जुलै २०२५ ला गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर बसले.

यात आपली आणखी एक गोष्ट आहे. या गिरण्यांत आपल्या माणसाला विणखात्यात शिरकाव नव्हता. विणकराला धाग्याला तोंड लावावं लागे, म्हणून विटाळ! आपली माणसं कमी पगाराच्या सूतखात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल पुढाऱ्यांपुढे टाकला. मागण्यांच्या यादीत तो आपसूक आला नव्हता, आणावा लागला. मजुराच्या यादीतही आपलं नाव आपल्यालाच लिहावं लागतं. मग बिल्डरच्या यादीत ते कोण लिहील?

दुसरं उदाहरण पवईचं. १९८६ साली सरकार, मुंबई महानगर प्राधिकरण आणि खाजगी बाजू असा त्रिपक्षीय करार झाला. सुमारे २३० एकर जमीन, भाडं हेक्टरी १ रुपया. बदल्यात अर्धी घरं ४० चौरस मीटरची, अर्धी ८० चौरस मीटरची. कागद सुंदर होता. उभे राहिले श्रीमंतांचे मनोरे. काही नागरिक कोर्टात गेले. २०१२ साली हायकोर्टाने हुकूम दिला की आधी ही छोटी घरं बांधा, मग पुढचं बोला. करार १९८६ चा, हुकूम २०१२ चा. २६ वर्षांत एक आख्खी पिढी झोपडीत म्हातारी झाली.

आता चला हिंजवडीला. मुळशी तालुक्यातलं भाताचं गाव. इथे साखर कारखाना व्हायचा होता. तो दुसरीकडे हलवून इथे संगणकाची वसाहत करायचं ठरलं, हा किस्सा शरद पवारांनी स्वतः भाषणांतून सांगितला आहे. नव्वदच्या दशकात एमआयडीसीने जमिनी घेतल्या आणि राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं राहिलं. हिंजवडी, माण, मारुंजीच्या शिवाराला सोन्याचा भाव आला. २००५ साली सरकारने पुणे विभागासाठी विशेष वसाहतीचे नियम केले. कमीत कमी ४० हेक्टर, म्हणजे १०० एकर जमीन एका हाती गोळा करायची. सवलती बघा : बिगरशेतीची परवानगी आपोआप, मुद्रांक शुल्क निम्मं, शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यायची ही अट ढिली, कमाल धारणेची मर्यादा ढिली. कुळकायदा आणि सीलिंग ज्यांच्यासाठी झाले, त्यांना त्यातून एक एकर मिळवताना जन्म गेला. इथे एका अधिसूचनेत वाट मोकळी. हिंजवडीतली ब्ल्यू रिज वसाहत याच धोरणातली.

बदल्यात समाजाला काय? वसाहतीतले रस्ते, पाणी, गटार, बाग, शाळा बिल्डरने स्वतःच्या खर्चाने करायची. सरकार म्हणालं, आमचा खर्च वाचला. बरोबर आहे. पण या सोयी कुणासाठी? अशा वसाहतींच्या फाटकावर वॉचमन असतो. आत घर असलेल्याला बाग, आत भांडी घासणाऱ्या बाईला हजेरीचा पास. फाटकाबाहेर हिंजवडी ही ग्रामपंचायतच राहिली. आयटीचं एवढं मोठं ठाणं, आणि २०२५ च्या पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. माझी मावशी तिथे एका ठेकेदाराकडे साफसफाईला जाते. राहते लांब, दोन बस बदलून पोचते. तिने पुसलेल्या फरशीच्या जवळपास तिला परवडेल अशी खोली नाही.

जमीन गेली तेव्हा मोबदला कुणाला? सातबाऱ्यावर नाव त्याला. लावणी-कापणी करणाऱ्या भूमिहीनाचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नसतं. जमिनीवर पोट असलेल्या भूमिहीनालाही बाधित माना, असं देशाच्या कायद्यात आलं ते २०१३ साली. हिंजवडीचे पहिले टप्पे त्याआधीच होऊन गेले होते. आणि आपल्याकडे जी थोडी जमीन होती ती महारवतनाची. त्या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात बिल आणलं. १९५८ च्या कायद्याने वतनं गेली, जमीन परत मिळाली ती शर्तीवर, परवानगीशिवाय विकता येणार नाही अशी. शहर जवळ आलं की दलाल आधी हीच जमीन हुंगतो. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्यातच मुंढव्याच्या महारवतनाच्या ४० एकरांच्या खरेदीवरून गदारोळ झाला. मुद्रांक शुल्काची माफी मागितली होती ती आयटीच्या नावाने.

आता नियम पुढे गेलेत, ते माहीत करून घ्या. २०१३ पासून मोठ्या शहरांत ४००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडावर २० टक्के घरं अल्प उत्पन्नवाल्यांसाठी. २०१६ पासून एकात्मिक वसाहतींत १५ टक्के. ती म्हाडाच्या सोडतीतून जातात, आणि सोडतीत अनुसूचित जातींना ११ टक्के राखीव. कागद पुन्हा सुंदर आहे. पण २०२२ साली नाशिकचा सवाल विधान परिषदेत गाजला. बिल्डरांनी ही घरं म्हाडाला दिलीच नाहीत, भूखंडाचे तुकडे पाडून ४००० च्या खाली आणले, असे आरोप झाले. पालिका आयुक्तांची बदली झाली. ४००० ची अट असेल तर ३९०० चा तुकडा. १९९१ च्या मालकाने वाट पाहिली, आताचा मोजपट्टी घेऊन येतो.

हे सगळीकडे असंच चालतं का? अमेरिकेतलं लॉस एंजेलिस बघा. २००१ साली स्टेपल्स सेंटरच्या शेजारी मोठा प्रकल्प येणार होता. आसपासचे भाडेकरू, कामगार युनियन, वस्तीतल्या संघटना अशा तीसच्या आसपास एकत्र आल्या. बिल्डरला शहराची परवानगी पाहिजे होती, लोकांचा विरोध नको होता. हे हेरून त्यांनी थेट बिल्डरशी लेखी करार केला. घरांपैकी २० टक्के परवडणारी, निम्मी भरती स्थानिकांतून आणि ७० टक्के नोकऱ्या पोटभर पगाराच्या हे लक्ष्य, बागांसाठी १० लाख डॉलर. आपल्याकडे सरकार आपल्या वतीने सही करतं आणि विसरतं. तिथे वस्तीनेच सही केली, म्हणून करार मोडला तर कोर्टात जायचा हक्क वस्तीच्या हातात राहिला. फरक एवढाच, पण केवढा!

बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातपात न बघता कसायला द्या, असं मांडलं. ते झालं नाही. ते होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं काय? नाही. मोर्चा काढाच, पण आधी कागद काढा. आपल्या भागात ४००० मीटरवरचे प्रकल्प किती, याची यादी करा. २००५ चा माहिती अधिकार वापरून मंजूर नकाशा मागा, त्यातली २० किंवा १५ टक्क्यांची घरं कुठे दाखवली आहेत ते बघा. शेजारचे तुकडे एकाच मालकाचे आहेत का, ते सातबाऱ्यावर तपासा. बाग ‘सार्वजनिक’ लिहिली असेल तर पोरं घेऊन तिथे खेळायला जा. वॉचमनने अडवलं तर नाव, तारीख, वेळ लिहून ठेवा. त्याच्याशी भांडू नका, तोही आपलाच असतो. सोडत निघते तेव्हा वस्तीत टेबल टाकून बसा. जातीचा दाखला, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवायला लावा, कारण कागदाअभावी आपला राखीव अर्ज बाद होतो आणि वर म्हणतात, तुमच्यात मागणीच नाही.

साच्यावर धागा तुटला की तिथल्या तिथे सांधावा लागतो. पाळी संपेपर्यंत थांबलं तर बॉबिन रिकामी जाते. १९९१ आणि २००१ च्या मध्ये दहा वर्षं होती. त्या दहा वर्षांत नियम ५८ आपल्या किती पोरांनी वाचला होता? पुढचा नियम आत्ता कुठेतरी टाइप होत असेल. त्यातला ‘मोकळी’ हा शब्द या वेळी कुठला असेल, ते हुडकायचं काम आपलं.

जय भीम!