निहालीचं कुळ

‘शिवाजी पार्कच्या मैदानात, कट्ट्यापाशी भेटू.’ दादरकरांच्या तोंडच्या या वाक्यात पार्क इंग्रजी, मैदान फारसी आणि कट्टा कानडी. तरी वाक्य अस्सल मराठीच, कारण ‘च्या’, ‘त’, ‘पाशी’ हे सांधे आणि ‘भेटू’चं रूप मराठी आहे. शब्द उसने मिळतात. त्यांवरून भाषेचं कुळ ठरत नाही. हा नियम बुलढाणा जिल्ह्यातल्या निहालीला लावायला मात्र अभ्यासकांना अर्धं शतक लागलं.

जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी दोन-अडीच हजार माणसं ही भाषा बोलतात. स्वतःला ती काल्टो म्हणवतात. शेजार कोरकूंचा, त्यांच्या शेतांवर राबता राबता निहालांना कोरकू भाषाही अवगत झाली. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ साली निघाला. त्यात स्टेन कोनो यांनी निहालीला कोरकूसोबत मुंडा कुळात बसवलं आणि द्राविडी व आर्य भाषांचे थर तिच्यावर मागाहून चढले, असं मानलं.

१९४० साली रॉबर्ट शेफर यांनी या निवाड्यावर शंका घेतली. सुधीभूषण भट्टाचार्य यांची टिपणं १९५७ साली छापली गेली आणि १९६२ साली डच पंडित कायपर यांनी सगळा शब्दसंग्रह चाळून काढला. कोरकू शब्द सर्वाधिक निघाले. इरार, मोठो, नालो हे दोन, तीन, चारचे आकडे कानडीच्या एरडु, मूरु, नाल्कु यांच्या जवळचे, म्हणजे द्राविडी. हे सारं बाजूला काढल्यावर सुमारे पाव हिस्सा उरला, ज्याचं नातं कुठेच जुळेना. डोळ्याला जिकि, पाण्याला जोप्पो, असे अगदी रोजचे शब्द त्यात होते. ही मुद्दाम घडवलेली सांकेतिक बोली असेल का, असाही प्रश्न कायपर यांना पडला. पुढे मात्र निहालीला स्वतंत्र, एकाकी भाषा मानण्याकडेच बहुतेकांचा कल झाला.

न्यू गिनीतही हाच पेच आहे, फक्त कित्येक पट मोठा. ‘पापुअन’ हे कुळाचं नावच नव्हे. त्या भागातल्या ज्या शेकडो भाषा ऑस्ट्रोनेशियन नाहीत, त्यांना दिलेलं ते सोयीचं नाव. १९७१ साली जोसेफ ग्रीनबर्ग यांनी त्यांची मोट अंदमानी आणि टास्मानियातल्या भाषांसह बांधली. ती बहुतेकांना पटली नाही. माल्कम रॉस यांनी २००५ साली ‘मी’, ‘तू’ यांसारखी सर्वनामं ताडून छोटी-मोठी कुळं वेगळी काढली, कारण सर्वनामं सहसा उसनी घेतली जात नाहीत.

वर्गीकरणात एखादा रकाना रिकामा ठेवणं हाही पुराव्याने दिलेला निकालच असतो. तो बदलायचा तर आणखी पुरावा हवा. म्हणूनच आशा मुंडले यांनी जमवलेला निहाली शब्दसंग्रह आणि डेक्कन कॉलेजच्या के. एस. नागराज यांनी लिहिलेलं व्याकरण मोलाचं. उद्या कुठे निहालीची बहीण सापडली, तर नातं ताडून बघायला हीच कागदपत्रं लागतील.