टुंडे अस्राजेची चाल

शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात 'आसा दी वार' नावाची गुरू नानकांची एक दीर्घ रचना आहे. अमृतसरच्या हरिमंदिरात ती रोज पहाटे गायिली जाते. तिच्या मथळ्यातच गायकासाठी एक सूचना आहे : ही वार टुंडे अस्राजेच्या चालीवर गावी. 'वार' म्हणजे पोवाडा. अस्राजा हा लोककथेतला राजपुत्र. सावत्र भावांच्या वैरापायी त्याचा एक हात गेला, म्हणून तो 'टुंडा', म्हणजे थोटा. त्याचा पोवाडा पंजाबातले ढाडी गात असत आणि त्याची चाल श्रोत्यांच्या कानात अशी बसलेली होती, की नुसते नाव घेणे पुरेसे होते. ग्रंथात एकूण २२ वार-रचना आहेत. त्यांपैकी ९ रचनांच्या माथ्यावर अशा लोकपोवाड्यांच्या चाली नोंदविलेल्या आहेत.

मराठीच्या अध्यापकाला ग्रंथसाहिबाची ओळख होते ती बहुधा नामदेवांमुळे. नामदेवांची ६१ पदे त्यात आहेत, हे आपण अभिमानाने सांगतो. २०१५ साली घुमानला साहित्य संमेलन भरले तेव्हा हा आकडा इतक्या भाषणांत आला, की तो सर्वांना पाठ झाला. पण ६१ पदांच्या पलीकडची पाने आपण फारशी उलटत नाही. मीही ती उशिराच उलटली, आणि तेव्हा जे दिसले त्याने माझी एक सोपी समजूत मोडली. एका बाजूला शीख धर्म, दुसऱ्या बाजूला भांगडा, बडबडती गाणी आणि बाजार, आणि या दोहोंचे जन्मजात वैर, अशी ती समजूत होती.

ग्रंथाची मुख्य मांडणी रागांनुसार आहे. तिच्यात लोकजीवनातील गीतप्रकार मुक्तपणे वावरतात. नवरदेव घोडीवर बसतो त्या वेळी म्हणावयाची 'घोडियाँ' ही लग्नगाणी. गुरू रामदासांनी त्याच नावाने रचना केली आणि घोडी म्हणजे देह, असा अर्थ त्यात भरला. मृताच्या घरी बायका रडत म्हणत त्या 'अलाहणियाँ'. त्या नावाने गुरू नानकांनी लिहिले. नानकांचा आयुष्यभराचा सोबती मर्दाना हा रबाब वाजविणारा मुसलमान मिरासी, म्हणजे समाजाच्या उतरंडीत खालच्या पायरीवरचा गवई. सहावे गुरू हरगोबिंद यांच्या दरबारी अब्दुल्ला आणि नत्था हे ढाडी सारंगी व ढड्ड यांच्या साथीवर वीरगीते गात. भाई गुरदासांच्या सत्ताविसाव्या वारेत तर लैला-मजनू, सस्सी-पुन्नू, सोहनी-महिवाल आणि हीर-रांझा अशी सगळी प्रेमी मंडळी एका कडव्यात हजर आहेत. शिष्याचे गुरूवरील प्रेम सांगावयाचे तर दाखला त्यांचाच. लोकगीत आधी हाकलून द्यावे आणि मग पवित्र गावे, असे या परंपरेला वाटले नाही. तिने चाल घेतली आणि आशय बदलला.

रेषा आखली गेली ती नंतर. १८७३ साली अमृतसरला आणि १८७९ साली लाहोरला सिंग सभा स्थापन झाली. एकीकडे मिशनरी, दुसरीकडे आर्य समाज, वर जनगणनेचे रकाने आणि शीख पलटणींसाठी केशधारी शीखच हवा असणारे लष्कर, अशा कोंडीत 'शीख कोण?' या प्रश्नाचे नेमके उत्तर देणे भाग पडले. भाई काह्नसिंग नाभा यांचे 'हम हिंदू नहीं' १८९८ सालचे. त्याच वर्षी भाई वीरसिंगांची 'सुंदरी' आली. पंजाबीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. हा योगायोग साहित्याच्या विद्यार्थ्याने नजरेआड करू नये. आधुनिक पंजाबी साहित्य आणि आधुनिक शीख अस्मिता एकाच घरात वाढली, आणि त्या घरात लोकगीताला ओसरीवरच थांबविण्यात आले.

सुधारकांनी ज्या गोष्टींवर टीका केली त्यांत पीरांच्या कबरी पुजणे होते, जत्रा होत्या आणि लग्नातली 'सिठणियाँ'ही होती. सिठणियाँ म्हणजे वधूपक्षाच्या बायकांनी वरपक्षाची टर उडविण्यासाठी म्हटलेली, बऱ्यापैकी उघडीवाघडी गाणी. आपल्याकडची विहिणींची गाणी आठवावीत. पण ही त्यांच्याहून धीट. हरजोत ओबेरॉय यांनी १९९४ सालच्या त्यांच्या गाजलेल्या ग्रंथात धर्मांच्या सीमा आखल्या जाण्याची ही प्रक्रिया तपशिलाने मांडली आहे. त्या ग्रंथावर मोठे वादळ उठले, आणि त्यातले सर्व काही मान्य करावे असे नाही. सुधारकांना केवळ सोवळे ठरविण्यात मात्र मला अर्थ वाटत नाही. अल्पसंख्य समाज विरून जाण्याच्या भयाने वागतो तेव्हा त्याच्या कठोरपणाला कारण असते. परंतु या कठोरपणाची किंमत कोणी मोजली, हेही विचारले पाहिजे. ती अंगणात गाणाऱ्या बायकांनी मोजली, आणि मिराशांनी मोजली. १९४५ साली मंजूर झालेल्या शीख रहत मर्यादेत संगतीत कीर्तन केवळ शिखानेच करावे, असा नियम आहे. मर्दान्याचा वारसा सांगणारे मुसलमान रबाबी फाळणीपर्यंत हरिमंदिरात कीर्तन करीत होते. १९४७ मध्ये ते सीमेपलीकडे गेले. पुढे ते परत आले असते तरी नियमाप्रमाणे त्यांना गाता आले नसते.

अंगणातले गाणे मात्र मेले नाही. मला वाटते, ते बायकांच्या तोंडून निघून ध्वनिमुद्रिकेत आणि लाउडस्पीकरमध्ये शिरले. १९७० च्या दशकात मुहम्मद सदीक आणि रणजीत कौर यांच्यासारख्या जोड्यांनी द्वंद्वगीत घरोघर नेले. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, नवरा-बायको यांची सवाल-जबाबाची, चावट, कधी बोचरी गाणी. लुधियाना हे अशा गायकांचे केंद्र होते. लोक तेथे येऊन लग्नासाठी त्यांची तारीख ठरवीत, आणि मग गावात उघड्यावर 'अखाडा' होई. याच लुधियान्याजवळच्या दुगरी गावात १९६० साली एका दलित कुटुंबात धनीराम जन्मला. कापडाच्या गिरणीत काम करता करता तो सुरिंदर शिंदा यांच्याकडे आला, गाणी लिहू लागला, आणि अमरसिंग चमकीला या नावाने स्वतः गाऊ लागला. हातात तुंबी, शेजारी अमरजोत कौर. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि त्याचा आवाज ट्रकमधून, ट्रॅक्टरवरून, गच्चीवरून ऐकू येऊ लागला.

त्याची गाणी मला आवडतात असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. काही गाण्यांतील नजर ओंगळ आहे, आणि ती लोकपरंपरेतली आहे म्हणून तिला माफी देता येत नाही. सिठणीत हसणारी बाई होती आणि हसे व्हायचे ते वराकडच्यांचे. चमकीलाच्या गाण्यात शब्द पुरुषाचे आहेत, जरी अमरजोत त्याला तितक्याच ठसक्यात उत्तर देत असली तरी. व्यसन, अनैतिक संबंध, हुंडा असे गावातले न बोललेले पुष्कळ काही त्यात येते, हे त्याचे चाहते सांगतात आणि ते खरेही आहे. याच चमकीलाने धार्मिक गीते म्हटली, आणि तीही लोकांनी उचलून धरली. ऐकणारे तेच होते. पहाटे आसा दी वार आणि संध्याकाळी अखाडा, यांत पंजाबी शेतकऱ्याला विसंगती वाटत नव्हती.

ती वाटू लागावी असा काळ मात्र आला होता. जून १९८४ मध्ये हरिमंदिराच्या आवारात रणगाडे शिरले. नोव्हेंबरात दिल्लीत शिखांची कत्तल झाली. जखमी समाजाच्या वतीने बोलण्याचा हक्क बंदूकधाऱ्यांनी आपल्याकडे घेतला, आणि १९८७ मध्ये त्यांनी समाजसुधारणेची मोहीमच उघडली. दारूची दुकाने, मांसविक्री, न्हावी, लग्नातील थाटमाट आणि नाचगाणे या सर्वांवर फर्माने निघाली. यादी वाचली म्हणजे सिंग सभेच्या पत्रिकांची आठवण होते. फरक इतकाच, की पत्रिका वाचकाला पटवू पाहत असे.

८ मार्च १९८८ रोजी दुपारी जालंदर जिल्ह्यातील मेहसमपूर येथे अखाड्यासाठी मोटारीतून उतरत असताना चमकीला, अमरजोत आणि त्यांचे दोन साथीदार गोळ्या घालून मारले गेले. चमकीला २७ वर्षांचा होता. खुनी कोण, हे कधीच सिद्ध झाले नाही. दहशतवादी, व्यवसायातील प्रतिस्पर्धी, की दलित गायकाने वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतील स्त्रीशी लग्न केल्याचा राग, असे तीन तर्क आजही केले जातात. तिन्ही शक्य वाटावेत, यातच त्या समाजाचे बरेचसे चित्र आहे.

बरोबर पंधरा दिवसांनी, २३ मार्चला, म्हणजे भगतसिंगांच्या हौतात्म्यदिनी, त्याच जिल्ह्यातील तलवंडी सलेम गावी कवी पाश यांची खलिस्तानी दहशतवाद्यांनी हत्या केली. अवतारसिंग संधू 'पाश' ३७ वर्षांचे होते. पाश आपल्याला ठाऊक आहेत. त्यांच्या कवितेची भाषांतरे झाली, ती अभ्यासक्रमांत गेली, आपल्याकडच्या कविसंमेलनांतही त्यांचे नाव आदराने घेतले जाते. चमकीलाचे नाव मी साहित्याच्या एकाही चर्चासत्रात ऐकले नव्हते. २०२४ मध्ये इम्तियाज अली यांचा चित्रपट आला आणि वर्गातल्या मुलांनीच ते मला विचारले. पाश यांना विचारांसाठी मारले आणि चमकीलाला गाण्यासाठी, असा भेद करून आपण मोकळे होतो. या भेदामागे कोणती अभिरुची काम करते? 'सुंदरी'च्या घरात वाढलेली अभिरुची ती हीच तर नव्हे?

अलीकडच्या गाण्यांविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तेथे माल पुष्कळ आणि वेगळेपण कमी. लक्षात येते ते असे की, धर्मसंस्थांचा रोष बहुधा अश्लीलतेवर किंवा एखाद्या पवित्र नावाच्या उल्लेखावर होतो. सिद्धू मूसेवालाच्या २०१९ च्या एका गाण्यात माई भागो यांचे नाव आले, त्यावरून गदारोळ झाला आणि त्याने क्षमा मागितली. पुढे २०२१ मध्ये त्याने '२९५' या नावाचे गाणे केले. धार्मिक भावना दुखावण्याविषयीचे तेव्हाच्या दंडसंहितेतील ते कलम. २९ मे २०२२ रोजी त्याचाही गोळ्या घालून खून झाला. त्यामागे गुंडांची टोळी होती. परंतु या गाण्यांत सतत मिरविला जाणारा जो 'जट्ट', जातीचा आणि जमिनीचा अभिमान छातीवर लावून फिरणारा, त्याच्याविरुद्ध तितका गदारोळ होत नाही. जात पुसली जावी म्हणून ज्या पंथाने सर्वांना सिंग आणि कौर ही नावे दिली, त्या पंथाला खरे तर हे अधिक बोचावयास हवे होते. बोचले ते दलितांना. २०१६ मध्ये जालंदरच्या गिन्नी माही या तरुण मुलीने आपल्या जातीचेच नाव अभिमानाने घेऊन गाणे म्हटले. जट्टाच्या गाण्याला तिने त्याच ठेक्यात उत्तर दिले.

टुंडे अस्राजेचा मूळ पोवाडा आता कोणी गात नाही. त्याच्या मोजक्या ओळी तेवढ्या कोशांतून आणि टीकांतून उरल्या आहेत. त्या कोणी रचल्या, ते ढाडी कोण होते, त्यांच्यावर कोणी नाक मुरडले होते काय, याचा पत्ता नाही. मथळ्यातल्या सूचनेमुळे पोवाड्याचे नाव राहिले आहे, आणि पहाटे रागी गायला बसले, की नानकांच्या शब्दांवर ती चाल चालू होते.